मनिलातला एक मोकळा दिवस आणि एकटीने फिरण्याचा प्रश्न

वाचकाचे पत्र, थोडक्यात : पत्रलेखिका ४७ वर्षांच्या असून कोकणातील एका भात संशोधन केंद्रात नोकरी करतात. येत्या फेब्रुवारीत त्या फिलिपिन्समधील लोस बान्योस येथील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत प्रशिक्षणासाठी जाणार आहेत. प्रशिक्षण शुक्रवारी संपते, त्या रात्रीचा मुक्काम मनिलाच्या एर्मिता भागातील हॉटेलात आहे आणि परतीचे विमान शनिवारी रात्री साडेअकराला आहे. सोबतचे सहकारी शनिवार मॉलमध्ये खरेदीत घालवणार आहेत. लेखिकेला शहर पाहायचे आहे, पण परक्या शहरात त्या आजवर एकट्या फिरलेल्या नाहीत. यजमान म्हणतात, "सगळ्यांबरोबर राहा, नाहीतर हॉटेलात आराम कर." मुलाने चौदा ठिकाणांची यादी करून दिली आहे आणि एवढे लांब जाऊन ती पाहिली नाहीत तर काय उपयोग, असे त्याचे म्हणणे आहे. लेखिका शाकाहारी आहेत, अंडे चालते. त्या विचारतात : एकटीने बाहेर पडणे सुरक्षित आहे का, एका दिवसात काय पाहावे, आणि सहकाऱ्यांना सोडून मनाप्रमाणे फिरणे हा स्वार्थीपणा ठरेल का? शेवटी त्यांनी लिहिले आहे, "नाहीच जमले तर मन मारायची सवय आहे."

सप्रेम नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. नाही, तो स्वार्थीपणा ठरत नाही. प्रशिक्षण संपलेले असेल, कामाचा एकही तास बुडणार नाही, आणि तुम्ही मॉलमध्ये नसल्यामुळे कुणाचे काही अडणारही नाही. सहकाऱ्यांना शुक्रवारी रात्री जेवताना एवढेच सांगा की तुम्हाला जुने शहर बघायचे आहे, कुणाला यायचे असेल तर यावे आणि संध्याकाळी सातला सगळे हॉटेलात भेटू. यात कारणे देण्याची किंवा अपराधी वाटून घेण्याची गरज नाही.

मला जास्त विचार करायला लावले ते वेगळ्याच गोष्टीने. तुमचे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. त्यात यजमानांचे मत आहे, मुलाची यादी आहे, सहकाऱ्यांचा बेत आहे, पण तुम्हाला स्वतःला मनिलात काय पाहावेसे वाटते ते कुठेच नाही. हा दिवस कुणाच्या मताने घालवायचा असा प्रश्न तुम्ही मला विचारलात, आणि ज्यांची मते विचारात घेतलीत त्यांत तुम्ही स्वतःला धरलेलेच नाही. सवयीमुळे असे होते हे मी जाणते. पण तुमची मदत करायची तर मला तिथूनच सुरुवात करावी लागेल. म्हणून पुढे मी जे सुचवणार आहे ते तुमच्या कामाकडे आणि तुमच्या पत्रातल्या बारीकसारीक उल्लेखांकडे पाहून सुचवते आहे. त्यात हवा तसा फेरफार तुम्हीच करायचा आहे.

आता सुरक्षिततेविषयी. "एकटीने फिरणे सुरक्षित आहे का" या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे धोका एकटेपणातून येतो. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा जागेतून, वेळेतून आणि हातात काय मिरवतो आहोत यातून येतो. चौघीजणी मिळून कियापो चर्चच्या गर्दीत मोबाइल हातात धरून उभ्या राहिल्या तर तो जाण्याची भीती आहे, आणि एकटी बाई सकाळी नऊला इंत्रामुरोसच्या, म्हणजे तटबंदीतल्या जुन्या शहराच्या, दगडी रस्त्याने पर्स पुढे घेऊन चालली तर तिला सहसा कुणी हटकतही नाही. मनिला हे दाटीवाटीचे, गरिबी आणि श्रीमंती शेजारीशेजारी असलेले महानगर आहे. मुंबईत दादर स्टेशनवर जे भान आपण न सांगता ठेवतो तेच तिथेही ठेवावे लागते. भाषेची अडचण मात्र जवळजवळ नाही. पाट्या इंग्रजीत असतात आणि दुकानदार, पोलीस, रखवालदार, संग्रहालयातले कर्मचारी असे बहुतेक सगळे इंग्रजी बोलतात.

एका प्रकाराबद्दल मात्र स्पष्ट सांगायला हवे. पर्यटकांच्या भागात कधी एखादे जोडपे किंवा दोघीतिघी बायका स्वतःहून येऊन गोड बोलून ओळख काढतात, तुमच्या देशाची चौकशी करतात आणि थोड्या वेळाने घरी जेवायला किंवा कॉफी प्यायला चला म्हणतात. अशा वेळी पेयातून गुंगीचे औषध देऊन लुबाडल्याचे प्रकार घडलेले आहेत. यासाठी प्रत्येक हसऱ्या माणसाचा संशय घेऊ नका, कारण फिलिपिन्समधली माणसे खरोखरच अगत्यशील आहेत आणि तो अनुभव तुम्हाला लोस बान्योसमध्ये आलेला असेलच. फरक एवढाच करा : ज्याला तुम्ही स्वतः थांबवून रस्ता विचारलात त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही, जो स्वतःहून तुम्हाला थांबवून कुठेतरी न्यायला बघतो त्याला हसून नकार द्या आणि चालत राहा. कुणी दिलेले उघडे पेय घेऊ नका. आपत्कालीन क्रमांक ९११ आहे.

तुमच्या मुलाची यादी मी प्रेमाने बाजूला ठेवायला सांगते. त्याने आईसाठी बसून ती केली याचे मला अप्रूप आहे, पण त्यात तागायताय आणि ताल ज्वालामुखी आहे, जो मनिलापासून साधारण ६० किलोमीटरवर आहे आणि शनिवारच्या वाहतुकीत जाऊन येऊन पाचसहा तास सहज खाऊ शकतो. त्याच यादीत कियापो, बिनोंदोची चिनी पेठ, मत्स्यालय, समुद्राकाठचा मोठा मॉल आणि मकातीतली संग्रहालयेही आहेत. ही ठिकाणे शहराच्या चार टोकांना आहेत, आणि मनिलात अंतर किलोमीटरमध्ये मोजून काहीच कळत नाही, ते तासांमध्ये मोजावे लागते. चौदा ठिकाणे गाठायची ठरवली तर तुमचा दिवस मोटारीच्या काचेतून पुढच्या मोटारीची पाठ बघण्यात जाईल. एकट्याने प्रवास करणाऱ्याचे खरे भांडवल असते ते म्हणजे हवे तिथे हवा तितका वेळ थांबण्याची मोकळीक, आणि यादी पहिल्या तासातच ते खर्च करून टाकते.

तुमचे हॉटेल एर्मितात आहे ही मोठी सोय आहे. तिथून लुनेता, म्हणजेच रिसाल पार्क, अगदी जवळ. त्याच्या पलीकडे राष्ट्रीय संग्रहालये. आणि त्यांच्या पलीकडे तटबंदीच्या आतले जुने शहर इंत्रामुरोस. पश्चिमेला मनिला उपसागर. हा सगळा पट्टा पायी फिरण्यासारखा आहे आणि एका दिवसाला तो भरपूर होतो. माझा सल्ला असा की सकाळी आठच्या सुमारास टॅक्सीने, शक्यतो मोबाइलवरून ग्रॅब बोलावून, सर्वांत लांबच्या टोकाला म्हणजे फोर्ट सान्तियागोला जावे आणि तिथून दिवसभर हळूहळू हॉटेलच्या दिशेने परत यावे. थकवा वाढतो तसे मुक्कामाचे ठिकाण जवळ येत जाते, आणि दुपारी कधीही वाटले की बास, तर पंधरावीस मिनिटांत हॉटेल गाठता येते. पहिल्यांदा एकटीने फिरणाऱ्या व्यक्तीला याचा मोठा आधार वाटतो.

फोर्ट सान्तियागो पासिग नदीच्या मुखाशी आहे. मिगेल लोपेस दे लेगास्पी या स्पॅनिश सरदाराने १५७१ साली मनिला ही स्पॅनिश राजधानी केली. पुढे तटबंदी उभी राहिली आणि तिच्या आतले ते इंत्रामुरोस. या किल्ल्यातल्या एका खोलीत होसे रिसाल यांनी आयुष्यातले शेवटचे दिवस काढले. रिसाल १८६१ साली कालांबा येथे जन्मले, आणि लोस बान्योसहून मनिलाला येताना तुम्ही याच कालांबावरून येणार आहात. ते डोळ्यांचे डॉक्टर होते, लेखक होते, आणि स्पॅनिश राजवटीच्या अन्यायावर लिहिल्यामुळे राज्यकर्त्यांच्या डोळ्यांत खुपत होते. बंडाला चिथावणी दिल्याच्या आरोपावरून त्यांना ३० डिसेंबर १८९६ रोजी सकाळी गोळ्या घालण्यात आल्या, तेव्हा ते ३५ वर्षांचे होते. निरोपाची कविता त्यांनी एका छोट्या अल्कोहोल स्टोव्हमध्ये लपवून बहिणीच्या हाती पोचवली होती. कोठडीपासून वधस्थानापर्यंत ते ज्या वाटेने चालत गेले, त्या वाटेवर किल्ल्यात जमिनीत काशाची पावले बसवलेली आहेत. ती पाहत पाहत सावकाश चला. हे वधस्थान म्हणजेच आजचे लुनेता, आणि संध्याकाळी तुम्ही तिथेच पोचणार आहात, त्यामुळे दिवसाला आपोआप एक धागा मिळतो. किल्ल्याला थोडे प्रवेशशुल्क आहे.

किल्ल्याबाहेर कालेसावाले, म्हणजे टांगेवाले, तुम्हाला बोलावतील. बसायचे असेल तर बसण्याआधी भाडे किती, ते माणशी की पूर्ण गाडीचे, आणि किती वेळाचे, हे तिन्ही ठरवून घ्या. नसेल बसायचे तर नुसती मान हलवली तरी चालते. माझे विचाराल तर इंत्रामुरोस पायीच पाहावे. तटाच्या आतला सगळा भाग एक चौरस किलोमीटरचासुद्धा नाही आणि कित्येक ठिकाणी तटावर चढून चालता येते.

वाटेत कॅथेड्रल लागेल. ते डोळ्यांत भरणारे आहे, पण आजची इमारत १९५८ सालची आहे, आणि ती एवढी नवी का, हे समजून घेतल्याशिवाय इंत्रामुरोस कळत नाही. ३ फेब्रुवारी ते ३ मार्च १९४५ या महिन्याभरात जपानी सैन्य आणि अमेरिकी फौजा यांच्यात मनिलाच्या रस्त्यारस्त्यांत लढाई झाली. जपान्यांनी केलेल्या कत्तली आणि अमेरिकी तोफांचा मारा यांत सुमारे एक लाख नागरिक मारले गेले आणि इंत्रामुरोस जवळजवळ जमीनदोस्त झाले. त्या नागरिकांचे स्मारक सान्ता इसाबेल नावाच्या छोट्या चौकात आहे. पदर घेतल्यासारखे वस्त्र डोक्यावर ओढलेली एक आई, मांडीवर मेलेले मूल, आणि भोवती कोसळलेली माणसे. तुम्ही जाल तो महिना फेब्रुवारी, म्हणजे नेमका त्या घटनेचाच. मुलाच्या यादीत हा चौक नाही, आणि बऱ्याच सहली तिथे थांबत नाहीत. तुम्ही थांबा, कारण पुढे चला म्हणणारे कुणी तुमच्याबरोबर नसेल.

त्या लढाईतून इंत्रामुरोसमधले एकच चर्च तगले, ते सान आगुस्तिन. १६०७ साली पूर्ण झालेले हे देशातले सर्वांत जुने दगडी चर्च मोठमोठ्या भूकंपांतूनही उभे राहिले, आणि १९९३ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. प्रवेशद्वाराशी दगडी सिंह बसलेले आहेत ते चिनी घडणीचे, म्हणजे स्पॅनिश चर्चच्या दारात चिनी सिंह; मनिला कुणाकुणाच्या येण्याजाण्यातून घडली हे त्या एका जागी दिसते. आत गेल्यावर बाकावर बसून वर पाहा. छतावर कोरीव नक्षीचे चौकोन, फुले, उठाव दिसतील, आणि बराच वेळ निरखल्यावर लक्षात येईल की कोरीव असे काहीच नाही, सपाट छतावर दोन इटालियन चित्रकारांनी १८७५ साली रंगांनी आणि छायांनी तो भास निर्माण केलेला आहे. शनिवारी इथे लग्ने असतात. लग्न चालू असेल तर मधल्या वाटेने जाऊ नका आणि फोटो काढू नका, शेजारच्या संग्रहालयातून आधी फिरून या. खांदे झाकलेले असावेत. समोरच कासा मनिला हा एकोणिसाव्या शतकातल्या श्रीमंत घराच्या धर्तीवर नव्याने बांधलेला वाडा आहे. वेळ असेल तर पाहा, नसेल तर सोडून द्या.

जेवणाचा विचार आता करू, कारण शाकाहारी माणसाला मनिलात खरी तयारी करावी लागते ती याचीच. "भाजी" म्हणून जे मिळते त्यात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असू शकतात, आणि ते नसले तरी पातिस म्हणजे माशांचा रस किंवा बागोओंग म्हणजे कोळंबी आंबवून केलेली चटणी असते. तिथल्या लोकांच्या मनात हे पदार्थ मांसाहारात मोडतच नाहीत, त्यामुळे "व्हेजिटेरियन" एवढे सांगून भागत नाही. "वालांग कार्ने, वालांग इस्दा, वालांग पातिस" असे म्हणा, म्हणजे मांस नको, मासे नकोत, पातिस नको. अंडे चालते हे तुमच्या पथ्यावर पडेल, कारण अंडे आणि भात जवळजवळ कुठेही मिळतो. हॉटेलातली न्याहारी पोटभर करा आणि पिशवीत केळी व कोरडा खाऊ ठेवा. रस्त्यावर ताहो विकणारा भेटला तर अवश्य घ्या : खांद्यावरच्या आडव्या दांडीला दोन धातूचे डबे लटकवून तो "ताहोऽ" अशी हाळी देत येतो, एका डब्यातून गरम, लुसलुशीत टोफूचे पातळ पापुद्रे काढून पेल्यात घालतो, त्यावर गुळाचा काळसर पाक आणि साबुदाण्याचे मोठे मणी ओततो. तुरोन, म्हणजे पातळ पारीत गुंडाळून साखरेत तळलेले केळे, हेही बहुतेक ठिकाणी चालण्यासारखे असते. बिनोंदोतली प्रसिद्ध होपिया मात्र विचारून घ्या, कारण पारंपरिक कृतीत डुकराची चरबी वापरतात. अगदी साधे घरच्यासारखे जेवण हवे असेल तर एर्मिताला लागून असलेल्या पाको भागात युनायटेड नेशन्स अव्हेन्यूवर गुरुद्वारा आहे.

भरदुपारी बाहेर फिरू नका. फेब्रुवारी तिथला कोरडा आणि त्यातल्या त्यात सुखद महिना असला तरी दुपारचे ऊन चटका देते, आणि त्या वेळेसाठी राष्ट्रीय संग्रहालये आहेत. प्रवेश विनामूल्य आहे, आत गारवा आहे, स्वच्छतागृहे चांगली आहेत. तीनही इमारती जवळजवळ आहेत, पण तीनही पाहण्याचा आग्रह धरू नका. ललित कलांच्या संग्रहालयात एकच चित्र पाहायला जा, असे मी म्हणेन : हुआन लुना यांचे 'स्पोलियारियम'. चार मीटरांहून उंच आणि सात मीटरांहून रुंद असलेल्या या चित्रात रोमन आखाड्यातल्या मेलेल्या योद्ध्यांना फरफटत नेले जाते आहे. १८८४ साली माद्रिदच्या प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळाले, आणि त्या सत्काराच्या मेजवानीत तरुण रिसाल यांनी भाषण केले होते, म्हणजे सकाळचा धागा इथेही सापडतो. उजवीकडे कोपऱ्यात आपल्याकडे पाठ करून जमिनीवर बसलेली एक स्त्री आहे. मधल्या गडबडीत तिच्याकडे लक्ष जात नाही. तिच्यासाठी थोडे बाजूला उभे राहा.

दुसरे संग्रहालय निवडायचे तर मानववंशशास्त्राचे निवडा, आणि हे मी केवळ तुमच्यासाठी सांगते आहे. त्याच्या अंगणात इफुगाओ लोकांचे एक अस्सल लाकडी घर उभे केलेले आहे. उत्तर लुझोनच्या डोंगरात ज्यांनी भातखाचरांच्या प्रचंड पायऱ्या रचल्या आणि ज्यांतल्या काही १९९५ पासून जागतिक वारसा आहेत, त्या लोकांचे हे घर. त्यांच्याकडे बुलुल नावाच्या बसलेल्या किंवा उभ्या लाकडी मूर्ती असतात, आणि भाताच्या कोठाराचे रक्षण त्या करतात अशी श्रद्धा आहे. लोस बान्योसच्या संस्थेत तुम्ही जगभरातल्या लाखाहून अधिक भाताच्या वाणांचे बियाणे जतन करणारी पेढी पाहिलेली असेल. त्याच देशात बियाणे जपण्याची ही दुसरी, फार जुनी रीत आहे. भातावर आयुष्य घालवलेली बाई ते घर ज्या डोळ्यांनी पाहील त्या डोळ्यांनी दुसरे कुणी पाहू शकणार नाही. चौदा ठिकाणांच्या यादीत हे नाही, याचा मला अर्थ असा लागतो की तुमच्या दिवसाची यादी दुसऱ्याला करता येतच नाही.

साडेचारनंतर लुनेतात या. रिसाल यांचे स्मारक १९१३ सालचे आहे, त्याखाली त्यांच्या अस्थी आहेत आणि दोन सैनिक तिथे सतत पहारा देतात. शनिवारी संध्याकाळी चटया अंथरून बसलेली कुटुंबे, पतंग, फुगे, खाण्याच्या गाड्या असा सगळा परिसर भरलेला असतो, आणि एकट्या बाईला इथे अजिबात परके वाटत नाही. तिथून पश्चिमेला उपसागराकाठी जा. फेब्रुवारीत सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. पायांत त्राण असेल तर रोहास बुलेव्हार्डने दक्षिणेला चालत गेल्यावर रामोन मॅगसेसे सेंटरची इमारत दिसते. १९५८ साली मॅगसेसे पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले तेव्हा त्यांत विनोबा भावे होते, पुढच्याच वर्षी तुमच्या कोकणातले चिंतामणराव देशमुख, १९८५ साली बाबा आमटे आणि २००८ साली प्रकाश व मंदाकिनी आमटे. शनिवारी ती बाहेरूनच पाहावी लागेल, पण मराठी माणसाने पाहावी अशी ती जागा आहे. अंधार पडल्यावर मात्र पायी परतू नका, ग्रॅब बोलवा.

काही बारीक गोष्टी, ज्या ऐन वेळी मोठ्या होतात. स्वच्छतागृहाला तिथे सगळे "सीआर" म्हणतात, तोच शब्द विचारा, आणि कागद व छोटा साबण जवळ ठेवा. नळाचे पाणी पिऊ नका. २०, ५० आणि १०० पेसोंच्या नोटा वेगळ्या ठेवा. एका पेसोला साधारण दीड रुपया धरा. सकाळीच खोली सोडून सामान हॉटेलच्या सामान ठेवण्याच्या कक्षात ठेवा, पण पासपोर्ट सामानात ठेवू नका, अंगावरच्या आतल्या पिशवीत ठेवा. लोस बान्योसमध्ये मोबाइलचे स्थानिक सिमकार्ड घेतले नसेल तर शुक्रवारी घ्या. त्यासाठी पासपोर्ट दाखवून नोंदणी करावी लागते.

घरच्यांविषयी. यजमानांची काळजी खोटी नाही आणि ती उडवून लावू नका, पण काळजी करणाऱ्या माणसाला परवानगी मागणे आणि त्याला माहिती देणे यांत फार फरक आहे. "जाऊ का?" असे विचारले की न पाहिलेल्या शहराविषयी त्यांना निर्णय घ्यावा लागतो, आणि दूर बसलेला माणूस अशा वेळी नकारच देतो. त्याऐवजी वर लिहिलेला मार्ग त्यांना नकाशावर दाखवा, तीन वेळा संदेश पाठवायचे ठरवा आणि मोबाइलवरून तुमचे ठिकाण त्यांना दिसेल असे करून ठेवा. फिलिपिन्सचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, हे त्यांना आठवणीने सांगा. नाहीतर तुमचा दुपारी एकचा संदेश ते साडेदहाला अपेक्षित नसताना पाहतील आणि त्यांचा एक तुमचा साडेतीन असेल.

एकटीचा पूर्ण दिवस तरीही जड वाटत असेल तर मधला मार्ग आहे. इंत्रामुरोसमध्ये वाटाड्याबरोबर पायी सहली चालतात. सकाळी दोनतीन तास अशा गटाबरोबर जा आणि दुपारपासून स्वतःची स्वतः फिरा. वातानुकूलित बसच्या दिवसभराच्या सहलीपेक्षा मला हे पुष्कळ चांगले वाटते, कारण बसमध्ये निर्णय पुन्हा दुसऱ्याचेच असतात. आणि सकाळी उठून तुम्हाला खरोखरच वाटले की आज फक्त झोपायचे आहे, तर तेही योग्यच आहे. ते तुम्हाला वाटलेले असावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

असाच प्रश्न असलेल्या इतर वाचकांसाठी थोडेसे. सोमवारी मनिलातली राष्ट्रीय संग्रहालये बंद असतात, तेव्हा त्या दिवशी इंत्रामुरोस आणि बिनोंदो असा बेत करावा. १५९४ साली वसलेली ही चिनी पेठ मुख्यतः खाण्यासाठी आहे. जून ते नोव्हेंबर पावसाचे आणि वादळांचे दिवस, त्या काळात बाहेरचे सगळे सकाळीच उरकावे. मुक्काम मकातीत असेल तर मोटारीपेक्षा एमआरटी आणि पुढे एलआरटी या शहरातल्या लोकल गाड्या वेळ वाचवतात, मात्र गर्दीच्या वेळा टाळाव्यात. दोन विमानांच्या मध्ये सहा तास असतील तर विमानतळाबाहेर पडूच नये. सेबू शहरात हाच विचार सान पेद्रो किल्ला, सान्तो निन्योचे चर्च आणि मॅगेलनचा क्रूस या जवळजवळच्या जागांना लावता येतो. फक्त तिथला विमानतळ मकतान बेटावर आहे आणि पुलांवर वाहने तुंबतात, हे लक्षात ठेवावे. मुले वैद्यकीय शिक्षणासाठी दाव्हाओला आहेत अशा पालकांनी, मुलांचे वर्ग चालू असताना खोलीत बसून राहण्याऐवजी, मालागोसचे गरुड केंद्र अवश्य पाहावे.

राहता राहिला परतीचा भाग, आणि तो मी तुम्हाला आधी ठरवायला सांगते. एर्मिताहून विमानतळ फार लांब नाही, पण शनिवारी संध्याकाळी त्याला तासाहून अधिक वेळ लागू शकतो. साडेअकराच्या विमानासाठी साडेसातला हॉटेल सोडा. मनिला विमानतळाची टर्मिनल एकमेकांपासून दूर आहेत, एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर पायी जाता येत नाही, त्यामुळे तिकिटावरचा टर्मिनल क्रमांक शुक्रवारीच कागदावर लिहून घ्या आणि गाडी बोलावताना तो चालकाला स्पष्ट सांगा. सहकारी त्याच विमानाने येणार असतील तर सगळ्यांनी मिळून एकच मोठी गाडी आदल्या दिवशी ठरवून ठेवा.